आधी ऐकणे, मग तपासणे

अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी काही पालक आम्हाला एक सूचना हमखास करतात : मुलाला डॉक्टर व्हायचे आहे, तेव्हा भाषेच्या तासिका कमी करून त्या वेळात नीटची तयारी घ्यावी. त्यांची काळजी रास्त आहे. नीट परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र एवढेच विषय असतात. भाषेला तेथे एकही गुण नाही. परंतु हाच विद्यार्थी पुढे वॉर्डात रुग्णासमोर उभा राहतो, तेव्हा त्याला पहिली गरज भासते ती भाषेचीच. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते. पहिल्या वर्षी मुख्यतः शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन हे विषय असतात. दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थी नियमित वॉर्डात जाऊ लागतो. २०१९ मध्ये लागू झालेल्या अभ्यासक्रमात तर सुरुवातीच्या पायाभूत वर्गातच स्थानिक भाषेचा समावेश करण्यात आला.

वॉर्डातले पहिले काम म्हणजे 'हिस्ट्री' घेणे. नाव, वय, गाव, व्यवसाय. मग मुख्य तक्रार, तीही शक्यतो रुग्णाच्याच शब्दांत. ती केव्हापासून, कशाने वाढते, कशाने कमी होते. पूर्वीचे आजार, घरातील आजार, सवयी. नवा विद्यार्थी ही यादी पाठ करून जातो. एक प्रश्न झाला की दुसरा, नजर मात्र कागदावर. हळूहळू त्याच्या लक्षात येते की पुढचा प्रश्न यादीत नसतो, तो रुग्णाच्या उत्तरात असतो. दम लागतो म्हणणाऱ्या रुग्णाला तो मग विचारतो, "बाबा, रात्री झोपताना उशा किती लागतात?" आडवे पडताच दम लागत असेल आणि उशा वाढत चालल्या असतील, तर हृदयाकडे संशय जातो.

व्यवसायाचा प्रश्नही केवळ रकाना भरण्यासाठी नसतो. आपल्याच प्रदेशातील मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल उद्योगात दगडाच्या धुळीमुळे अनेक कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग जडला. खोकला व दम ही त्याची लक्षणे क्षयरोगासारखीच वाटतात. "काम काय करता?" हे विचारलेच नाही, तर रोगाचे मूळ हाती लागणे कठीण.

या विचारपूसीचे मोल किती? १९७५ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी ८० नव्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६६ रुग्णांमध्ये केवळ हकिकत ऐकून केलेले निदान शेवटपर्यंत कायम राहिले. उलट १९८४ च्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले, की रुग्ण बोलू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांतच त्याला मध्ये थांबवतात. न थांबवता ऐकून घेणे हीसुद्धा शिकावी लागणारी विद्या आहे.

त्यानंतर येते शारीरिक तपासणी. नाडी, रक्तदाब, श्वास मोजणे. खालची पापणी ओढून फिकेपणा पाहणे. डोळ्यांचा पिवळेपणा, नखे, पायांवरची सूज पाहणे. मग पाहणे, स्पर्श करणे, बोटाने ठोकून ऐकणे व स्टेथोस्कोपने ऐकणे. ठोकून तपासण्याची रीत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये मांडली. स्टेथोस्कोप फ्रान्सच्या लेनेक यांनी १८१६ मध्ये तयार केला. आपल्या आयुर्वेदातही दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितलेली आहेच.

येथेही विद्यार्थी हळूहळूच घडतो. आधी परवानगी घ्यावी, हात गार असतील तर चोळून ऊबदार करावे, आडपडदा ठेवावा. पोट तपासताना दुखरी जागा शेवटी दाबावी आणि लक्ष रुग्णाच्या चेहऱ्यावर असावे, कारण कपाळावरची आठी तोंडाच्या आधी बोलते. सुरुवातीला कानाला नुसती धडधड ऐकू येते. शेकडो छात्या तपासल्यावर निरोगी आवाज कोणता आणि वेगळा कोणता, हे कळू लागते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात माळव्यातून येतात, निमाडातूनही येतात. पुस्तक इंग्रजी असो वा हिंदी, रुग्ण दुखणे सांगतो ते आपल्या बोलीत. मराठी आजी म्हणते, "कळ येते", "ठणकतंय", "चमक मारते", "जळजळतंय". हे चार शब्द एक नव्हेत. प्रत्येक शब्द वेगळ्या प्रकारच्या वेदनेकडे बोट दाखवतो. सगळ्यांची नोंद नुसती 'दुखते' अशी केली, तर निदानाचा धागा तेथेच तुटतो.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : घरच्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, त्यांची दुखणी मध्ये न बोलता ऐका आणि त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. औषध मात्र डॉक्टरांनाच सांगू द्या. पालकांनी दवाखान्यात जाताना तक्रार केव्हापासून आहे आणि कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून न्यावे. विश्वस्त मंडळास विनंती, की अकरावी-बारावीच्या भाषेच्या तासिकांना कात्री लावू नये. नीटचे गुण मुलाला रुग्णालयाच्या दारापर्यंत नेतील; खाटेजवळ बसून विश्वासाने चार शब्द विचारायला तो भाषेच्या तासाला शिकलेला असेल.