अंडी घरी वाळवावीत काय?

चैत्र-वैशाखात बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीच्या परिसरात अंगणे वाळवणांनी भरून जातात. मोहाची फुले, डाळीच्या वड्या, पापड हे सारे कडक उन्हात वाळते आणि पावसाळ्याची बेगमी होते. त्याच उन्हात घरच्या कोंबड्यांची अंडी मात्र थोड्याच दिवसांत नासू लागतात. जे मोहफुलांना साधते ते अंड्यांना का साधू नये, असे गृहिणीच्या मनात आल्यास नवल नाही. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर सावधपणेच द्यावयास हवे.

अंडे वाळविता येते, यात शंका नाही. त्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. ते काढले की भुकटी उरते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंड्यांची टंचाई पडली, तेव्हा १९४२ पासून अमेरिकेतून आणलेली अशी भुकटी लोकांना वाटण्यात आली. डझनभर अंड्यांचा ऐवज एका लहानशा पुड्यात मावत असे. आज भारतातही, विशेषतः तामिळनाडूत, ती तयार होते.

कारखान्यात अंड्यांचा रस प्रथम ठरावीक उष्णतेवर जंतुरहित करतात आणि मग त्याचे सूक्ष्म तुषार तप्त हवेत सोडतात. क्षणार्धात त्यांची भुकटी होते. पांढऱ्या बलकातील अल्पशी साखरही आधीच काढून टाकतात. एरवी तिचा प्रथिनांशी संयोग होऊन भुकटी तपकिरी पडते.

घरी यांपैकी काहीच साधत नाही. ताटात ओतलेला रस उन्हात तासन्‌तास कोमट राहतो, आणि साल्मोनेला नावाच्या रोगजंतूंना वाढीसाठी नेमकी हीच ऊब हवी असते. ओलावा गेल्याने ते मरत नाहीत. उलट कोरड्या अवस्थेत उष्णतेलाही सहज दाद देत नाहीत. युद्धकाळातील त्या भुकटीबरोबरही या जंतूंचे काही नवे प्रकार ब्रिटनमध्ये पोहोचले होते. मोहफुलांना त्यांतील साखर राखते, सुक्या मासळीला मीठ राखते. अंड्याला असा राखणदार नाही. आधी शिजवून वाळविले, तरी पिवळ्या बलकातील स्निग्धांश पुढे खवट होतो आणि भिजविल्यावर कण रवाळच राहतात. म्हणून घरगुती वाळवणाचा मार्ग सोडलेला बरा.

मग उन्हाळ्यात अंडी राखावयाची कशी? पिल्ले काढावयाची नसतील तेव्हा कोंबडा वेगळा ठेवावा. फलित अंड्यात उन्हाच्या उष्णतेनेच गर्भ वाढू लागतो आणि ते लवकर नासते. अफलित अंडे अधिक टिकते. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. ती धुऊन ठेवू नयेत. धुण्याने कवचावरील नैसर्गिक लेप जातो. घातल्या दिवशीच कवचाला गोड्या तेलाचा पातळ हात दिल्यास त्याची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि आतील ओलावा कमी उडतो. नंतर ओल्या वाळूत बसविलेल्या मडक्यात, निमुळते टोक खाली करून, ती सावलीत ठेवावीत.

वापरण्यापूर्वी अंडे पाण्यात सोडून पाहावे. ताजे तळाशी आडवे राहते, जुने उभे राहते. तरंगणारे टाकून द्यावे. जे वापरावयाचे ते पुरते शिजवूनच खावे. अंडी वर्षभर साठविण्याचा हव्यास न धरता ती ताजी असतानाच घरातील मुलांच्या ताटात पडावीत, यातच त्यांचे खरे चीज आहे.