पाव थेंबाची किमया

मारुती ८०० च्या बॉनेटखाली तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन असतं. गाडी तासाला साठच्या वेगाने चालली आहे आणि इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतंय, असं धरू. प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं. म्हणजे सेकंदाला ७५ भडके! लिटरला अठराचं ॲव्हरेज असेल, तर एका भडक्याच्या वाट्याला येणारं पेट्रोल पाण्याच्या थेंबाच्या जेमतेम पाव भागाएवढं. तेवढ्यावर चार माणसं सामानासकट पुण्याहून साताऱ्याला पोचतात.

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली. पण तिच्यासारखी हाताने गिअर टाकायची जुनी गाडी दारात असेल, तर हा पाव थेंब कुठे खर्ची पडतो ते आपलं आपल्याला तपासता येतं.

त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. चाकांपर्यंत पोचतो तो साधारण पाव हिस्सा. त्यामुळे चाकापाशी थोडं वाचलं, तरी टाकीत त्याच्या कितीतरी पट वाचतं. टायरमध्ये हवा कमी असली की रबर दर फेऱ्याला जास्त दबतं, तापतं, आणि त्या उष्णतेचे पैसे आपण पंपावर मोजतो. हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी. मोकळ्या रस्त्यावर, फारसा ब्रेक न लावता फेरी मारून आलात, की प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल, तर बहुधा तिथला ब्रेक धरून राहतोय. ते काम मात्र मेकॅनिकचं.

आता हवेचा हिशेब. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. लिटरमागे धरली तर ती भरते सुमारे नऊ हजार लिटर! एवढी सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते. कार्बोरेटरच्या गाडीत तो तुंबला की पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडते आणि ॲव्हरेज घसरतं. इंजेक्शनच्या गाडीत हवेच्या मापानेच पेट्रोल सुटतं, म्हणून तिथे ॲव्हरेजपेक्षा गाडीची ओढ आधी कमी होते. आतलं जळण कसं आहे ते स्पार्क प्लग सांगतो. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून बघा. टोक तांबूस-राखाडी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत झिरपतंय.

खरी गंमत गिअरमध्ये आहे. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना हवेची झडप जवळजवळ बंद असते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची ताकद वाया जाते. त्याच वेगाला वरचा गिअर टाकला, तर फेरे कमी होतात, झडप जास्त उघडते आणि ही ओढाताण कमी होते. मात्र इंजिन धडधडायला लागलं की मुकाट्याने खालचा गिअर टाकावा.

खंबाटकी घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे पुष्कळ. इंजेक्शनच्या गाडीत घडतं उलटंच. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोलचा पुरवठा चक्क थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. म्हणून गाडी कुठलीही असो, उतारावर गिअर सोडू नये.

यातलं काहीही नुसतं ऐकून मानू नका. टाकी फुल्ल करा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करताना जेवढं पेट्रोल मावेल, त्याने मधल्या किलोमीटरना भागा. तुमच्या गाडीचं खरं ॲव्हरेज तेच.