आधी डेटा बघायचा कसा? सायमन विलिसनच्या 'डेटासेट'बद्दल थोडं

एक प्रश्न विचारते. तुमच्या हातात दहा हजार ओळींची एक सीएसव्ही फाईल आली, तर पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही काय कराल?

बहुतेक जण ती एक्सेलमध्ये उघडतात, दोन-तीन स्क्रीन खाली सरकवतात, 'ठीक दिसतंय' म्हणतात आणि थेट सरासरी, रिग्रेशन, ग्राफ यांच्याकडे वळतात. डेटा बघणं ही वेगळी पायरी आहे आणि तिला वेळ द्यायचा असतो, हे एमएस्सीत फारसं कुणी शिकवत नाही. पीएचडीला आलं की मात्र गाईडच्या पहिल्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं: 'हा आकडा कुठून आला?' आणि 'यातल्या किती नोंदी कोऱ्या आहेत?'

म्हणून आज एका साधनाबद्दल लिहितेय. त्याचं नाव डेटासेट. 'कॅसेट'च्या चालीवर वाचायचं. या लेखात हा शब्द फक्त त्या सॉफ्टवेअरसाठी वापरलाय, माहितीच्या संचाला मी सरळ 'डेटा'च म्हणते, नाहीतर गोंधळ होईल. हे साधन सायमन विलिसन या डेव्हलपरने नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. पायथॉन शिकलेल्यांनी जँगोचं नाव ऐकलं असेल. अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक वृत्तपत्रात काम करताना एड्रियन होलोवाटी आणि विलिसन यांनी जँगोची सुरुवात केली. पुढे विलिसन लंडनच्या 'गार्डियन'मध्येही होता. गार्डियनने २००९ मध्ये 'डेटाब्लॉग' सुरू केला आणि बातमीमागचे आकडे स्प्रेडशीटमध्ये वाचकांसाठी खुले ठेवायला लागले. बातमी देता तर तिचा डेटाही द्या, ही कल्पना चांगलीच होती. पण वाचकाला त्या स्प्रेडशीटमध्ये शोधाशोध करता यावी यासाठी आणखी बरी सोय हवी होती. डेटासेटचं मूळ तिथे आहे. २०१९-२० मध्ये विलिसन स्टॅनफर्डच्या पत्रकारितेच्या फेलोशिपवर होता, त्यानंतर तो स्वतंत्रपणे हेच काम करतोय.

आता हे चालतं कसं ते बघू. डेटासेट एसक्यूएलाइटच्या फाईलवर चालतं. एसक्यूएलाइट म्हणजे रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलेला डेटाबेस. तो तुमच्या फोनमध्ये आत्ताही आहे. त्याला सर्व्हर लागत नाही, पासवर्ड लागत नाही. अख्खा डेटाबेस एका फाईलमध्ये मावतो आणि ती फाईल पेन ड्राइव्हवर घालून कुणालाही देता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटा जपून ठेवायच्या शिफारस केलेल्या स्वरूपांमध्ये एसक्यूएलाइटचा समावेश केलाय. थिसिसच्या डेटाचं पाच-दहा वर्षांनी काय होईल याची काळजी असणाऱ्याला एवढं पुरे.

सीएसव्हीची एसक्यूएलाइट फाईल करायला विलिसनचंच दुसरं साधन आहे, एसक्यूएलाइट-युटिल्स. एका ओळीच्या कमांडचं काम. इथे एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या: रकाना आकडा म्हणून घ्यायचा की मजकूर म्हणून, हे तुम्ही ठरवायचं. फ्लोराइडचं प्रमाण मजकूर म्हणून आलं तर क्रम लावताना १० हे ९ च्या आधी येतं. उलट नमुन्याचा क्रमांक ००७ असेल आणि तो आकडा म्हणून गेला, तर ७ उरतो. हे किरकोळ वाटेल, पण याच प्रकारच्या चुकांनी मोठमोठ्यांना फटका बसलाय. जनुकांच्या काही नावांना एक्सेल तारीख समजतं. त्या चुका प्रसिद्ध शोधनिबंधांच्या पुरवणी फाइल्समध्ये इतक्या सापडायला लागल्या, की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने शेवटी जनुकांचीच नावं बदलली! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळले, कारण जुन्या एक्सेल स्वरूपात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांपर्यंत पोचायला उशीर झाला.

फाईल तयार झाली की डेटासेट सुरू करायचं आणि ब्राउझरमध्ये तक्ता उघडायचा. एका पानावर शंभर ओळी, वर एकूण संख्या, प्रत्येक रकान्याला क्रम लावायची आणि गाळणी लावायची सोय. इथपर्यंत एक्सेलच वाटेल. खरी मजा फॅसेटमध्ये आहे.

समजा तुम्ही भूजलावर काम करताय आणि विहिरींच्या नमुन्यांचा तक्ता आहे: गाव, तालुका, तारीख, पीएच, फ्लोराइड, नमुना कुणी घेतला. 'गाव' या रकान्यावर फॅसेट लावला की गावांची यादी आणि प्रत्येकापुढे नोंदींची संख्या येते. आणि मग दिसतं: 'वडगाव' ४१, 'वडगांव' १२, 'वडगाव बु.' ७, 'वडगाव बुद्रुक' ९. कागदावर एकच गाव, तक्त्यात चार. (की दोन? 'बुद्रुक' न लिहिलेलं वडगाव म्हणजे खुर्द तर नाही ना? हे फील्डवर गेलेल्यालाच विचारावं लागेल.) आता 'नमुना कुणी घेतला' यावरही फॅसेट लावा. एखाद्याच्या नावावर एकाच दिवशी साठ नमुने दिसले, तर थांबून विचार करावा लागतो. आणि तारखेवर लावला, तर एखादा महिना सरळ गायब असल्याचं कळतं. यातलं काहीच सरासरीत दिसलं नसतं. सरासरी निमूटपणे आली असती आणि तुम्ही ती लिहून टाकली असती.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. तुम्ही लावलेली प्रत्येक गाळणी, प्रत्येक फॅसेट पानाच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये लिहिला जातो. 'फ्लोराइड दीडपेक्षा जास्त, तालुका अमुक, मे महिना' ही सगळी निवड म्हणजे एक दुवा. तो जपून ठेवला की परत तिथेच पोचता येतं. एक्सेलमध्ये गाळणी लावून काढलेला आकडा लॅपटॉप बंद केल्यावर कसा काढला होता, हे कोण सांगणार? पानावर 'व्ह्यू अँड एडिट एसक्यूएल' असाही एक दुवा असतो. तो दाबला की तुमच्या क्लिकची झालेली एसक्यूएल क्वेरी समोर येते. ती थिसिसच्या परिशिष्टात टाकता येते. व्हायव्हात कुणी विचारलं की 'या १४२ विहिरी कशा निवडल्या?', तर उत्तर चार ओळींचं असतं आणि समोरच्याला ते स्वतः चालवून बघता येतं. पण दुवा तुमच्या मशिनपुरताच असेल, तर क्वेरीचा मजकूर आणि त्या दिवशीची फाईल दोन्ही जपा. नुसता दुवा पुरत नाही.

भीती वाटत असेल की क्वेरी चुकली तर डेटा बिघडेल, तर तसं होत नाही. मूळ रचनेत डेटासेट फाईल फक्त वाचण्यासाठी उघडतं. क्वेरीला एका सेकंदाची मर्यादा असते आणि एका वेळी जास्तीत जास्त १००० ओळी मिळतात. दोन्ही बदलता येतात. म्हणजे एसक्यूएल शिकायला ही चांगली सुरक्षित जागा आहे, हवी तेवढी धडपड करा.

मराठी डेटा असणाऱ्यांसाठी एक खास सूचना, कारण हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा येत नाही. एसक्यूएलाइटमध्ये मजकूर शोधायची जी यंत्रणा आहे, एफटीएस५, ती मूळ मांडणीत फक्त अक्षरं आणि अंकांनाच शब्दाचा भाग मानते. आपल्या काना-मात्रा-वेलांट्या युनिकोडमध्ये 'चिन्हं' या वेगळ्या वर्गात येतात, त्यामुळे शब्द तिथेच तुटतो. 'पाणी' चे उरतात 'प' आणि 'ण'. 'पुणे' चेही उरतात 'प' आणि 'ण'! म्हणजे शोधलं पाणी आणि आलं पुणे. पुणेकर खूश होतील, पण तुमचा लिटरेचर सर्व्हे बोंबलेल. उपाय आहे: शोधसूची बनवताना टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' या पर्यायात चिन्हांचा वर्गही जोडायचा. तेवढं नको असेल तर गाळणीतला साधा 'कंटेन्स' वापरा, तो अक्षरन्‌अक्षर जुळवतो.

आता त्या माणसाच्या कामाच्या पद्धतीबद्दल, कारण पीएचडी हेही बहुतांशी एकट्याचंच प्रोजेक्ट असतं. विलिसनच्या नावावर १०० हून जास्त छोटी-मोठी पॅकेजेस आहेत. एकटा माणूस एवढं सांभाळतो कसा? २०२२ मध्ये जँगोच्या परिषदेत त्याने यावरच भाषण दिलं. थोडक्यात असं: कोडमधला प्रत्येक बदल, त्याची टेस्ट आणि त्याचं डॉक्युमेंटेशन एकदमच जमा करायचं आणि त्या बदलामागची चर्चा जिथे नोंदवलीय तिचा दुवा सोबत जोडायचा. ही चर्चा बरेचदा तो स्वतःशीच करतो. काय करून बघितलं, काय चाललं नाही, हा पर्याय का सोडला, हे सगळं तिथे लिहिलेलं. सहा महिन्यांनी परत आलं की आपल्याला काहीच आठवत नाही, हे त्याने गृहीत धरलंय. आपली लॅब नोटबुक याच कामासाठी असते, फक्त आपण तिच्यात निकाल लिहितो आणि कारणं लिहायची राहतात.

त्याची आणखी एक युक्ती, 'गिट स्क्रेपिंग'. २०२० मध्ये त्याने ती कॅलिफोर्नियातल्या वणव्यांच्या सरकारी माहितीवर करून दाखवली. ठरावीक वेळाने पानावरचा डेटा आपोआप उतरवायचा आणि गिटमध्ये जमा करत जायचं, म्हणजे केव्हा काय बदललं याचा इतिहास तयार होतो. जिथे जुना आकडा पुसून त्याच जागी नवा येतो, अशा कुठल्याही पानाला हे लागू पडतं. धरणांच्या पाणीसाठ्यावर किंवा बाजारसमितीच्या भावांवर काम करायचं असेल, तर विषय नक्की होण्याआधीच हे सुरू करून ठेवा. गेलेले दिवस मागून मिळत नाहीत.

शंका घ्यायला जागा आहेच. एका माणसाच्या खांद्यावर उभं असलेलं साधन संशोधनात वापरावं का? डेटासेट कित्येक वर्षं शून्याच्याच मालिकेत राहिलं, १.० च्या चाचणी आवृत्त्या लांबत गेल्या. माझं मत असं, की इथे धोका कमी आहे. कोड अपाची परवान्याखाली खुला आहे आणि मुख्य म्हणजे तुमचा डेटा एसक्यूएलाइटमध्ये आहे. उद्या डेटासेट बंद पडलं, तरी तीच फाईल आणि तीच क्वेरी पायथॉनमध्ये किंवा आरमध्ये चालेल. मोठ्या कंपनीच्या बंद स्वरूपातल्या फाईलबद्दल असं म्हणता येत नाही.

रुग्णांची किंवा मुलाखतींची माहिती असेल तर मात्र सांभाळा. आपल्या मशिनवर चालवलं तर ते आपल्यापुरतंच राहतं, पण प्रसिद्ध करायची कमांड खरोखरच जगासमोर ठेवते.

लॅबच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करू देत नसतील, तर डेटासेट लाइट बघा. २०२२ पासून ही आवृत्ती पूर्णपणे ब्राउझरमध्येच चालते, ऑनलाइन असलेल्या सीएसव्हीचा दुवा दिला की झालं. सरावासाठी वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा जगातल्या वीजकेंद्रांचा खुला डेटा घ्या. त्यात ३० हजारांहून जास्त केंद्रं आहेत. देश आणि इंधन यांवर फॅसेट लावा, भारत निवडा, मग कोळसा, मग जलविद्युत. पूर्ण डेटासेटमध्ये 'क्लस्टर मॅप' हे प्लगइन टाकलं, तर अक्षांश-रेखांशांचे रकाने ओळखून ते सगळी केंद्रं नकाशावर मांडतं. पहिल्या दिवशी क्वेरी लिहूच नका. नुसतं क्लिक करत फिरा आणि प्रत्येक वेळी पत्त्याच्या पट्टीत काय बदललं ते वाचा.