खर्जातली गिटार

मुलांनो, चार तारांची गिटार पाहिलीय का? साध्या गिटारीला सहा तारा. हिला चारच, पण चांगल्या जाडजूड! हीच बेस गिटार. गाण्यात मागे ‘धुम्म, धुम्म’ असा खर्जातला सूर चालतो ना, तो हिचा. बहुतेक बेस विजेवर वाजतात. पण पोकळ लाकडी पेटीचीही एक जात आहे, अकूस्टिक बेस.

आमच्या खराडीत आता सोसायटी-सोसायटीत गिटार शिकणारी मुलं आहेत. एखादा म्हणतो, “मला बेसच हवी, पण वायरवाली नको.” आईबाबाही खूश, अॅम्प्लिफायरचा खर्च वाचला! पण तो खरंच वाचतो का?

साध्या गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, बेसची फक्त ४१ वेळा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. भागाकार करून बघा: या सुराची एकेक लाट आठ मीटरहून लांब! एवढी लाट उठवायची तर पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणजे पोट मोठं हवं. मिरजेचे कारागीर हे पक्कं जाणतात. पुरुषांच्या तंबोऱ्याचा सूर खालचा, म्हणून त्याचा भोपळाही बायकांच्या तंबोऱ्यापेक्षा मोठा. मेक्सिकोत तर ‘गितारोन’ नावाची ढेरपोटी बेस असते. तिच्यावरूनच अमेरिकेतल्या अर्नी बॉल यांना कल्पना सुचली आणि १९७२ मध्ये त्यांनी मोठ्या पोटाची ‘अर्थवूड’ बेस बाजारात आणली. पण एवढं धूड मांडीवर घेऊन वाजवणार कोण? म्हणून दुकानात मिळणाऱ्या बेसचं पोट बहुधा साध्या गिटारीहून थोडंच मोठं असतं.

तेव्हा दुकानात एकट्याने वाजवून भुलू नका. गिटारवाला मित्र बरोबर न्या. त्याला शेजारी जोरात वाजवू द्या आणि आईला दहा पावलांवर उभं करा. तिला बेस ऐकू येते का, विचारा. बहुतेक वेळा येत नाही! शिवाय प्रत्येक पडद्यावर तार दाबून पाहा, कुठे झणझणत नाही ना? नेहमीच्या बेसची तार ३४ इंची असते. हात लहान असेल तर ३० इंचाची मागा. बोटं ताणावी लागत नाहीत.

म्हणजे आवाज मोठा करण्याची सोय आतच असलेली बेस घ्यावी, हे बरं. घोडीखाली एक पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधलं. तार थरथरली की पट्टी दाबली जाते आणि विजेचा इवलासा संदेश निघतो. तो आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर थोडा वाढवतात, मग अॅम्प्लिफायरकडे. हा अॅम्प्लिफायरही बेससाठीचाच हवा. साध्या गिटारीच्या छोट्या स्पीकरला खर्ज झेपत नाही, तो नुसता फडफडतो.

आणखी एक गंमत. स्पीकरच्या आवाजाने पोकळ पेटी हलते, पेटीने तार हलते, तोच आवाज पुन्हा स्पीकरमध्ये... आणि ‘हूंऽऽऽ’ असा घुमारा सुरू! अशा वेळी स्पीकरपासून बाजूला सरकायचं. पेटीच्या भोकात रबराचं झाकण बसवलं, तरी बराच फरक पडतो.

रात्री मात्र हेडफोन. खर्ज भिंतीतूनही पलीकडे जातो, गणपतीत ढोल दारं लावूनही ऐकू येतो तसा. आणि वाजवून झालं की वायर काढून ठेवा. बऱ्याच बेसमध्ये ती खोचलेली असेपर्यंत बॅटरी उतरतच राहते.