कॉम्प्रेसरवरील विद्युत मोटारीऐवजी पेट्रोल इंजिन : निवडीचे तांत्रिक निकष

जेथे वीजजोडणी नाही अथवा वीजपुरवठा बेभरवशाचा आहे, अशा ठिकाणी टायरमध्ये हवा भरण्यासाठी किंवा रंगफवारणीसाठी वापरल्या जाणाऱ्या पिस्टन कॉम्प्रेसरची विद्युत मोटार काढून तेथे पेट्रोल इंजिन बसविले जाते. अशा वेळी ३ अश्वशक्तीच्या मोटारीच्या जागी ३ अश्वशक्तीचेच इंजिन असा सरळ हिशेब मांडला जातो. तो फसवा आहे.

मोटारीच्या पट्टीवरील शक्ती ती सतत देऊ शकते. शिवाय क्षणिक जादा भार आल्यास सर्वसाधारण थ्री-फेज मोटार नेहमीच्या दुपटीइतका किंवा त्याहून अधिक टॉर्क देऊन वेळ निभावून नेते. इंजिनाच्या माहितीपत्रकातील आकडा मात्र बहुधा मिनिटाला ३६०० फेऱ्यांवरील कमाल शक्तीचा असतो. त्यापलीकडे राखीव ताकद फारशी नसते. उंचीवर तीही घटते : दर १०० मीटरला सुमारे १ टक्का, म्हणजे सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात साधारण १३ ते १५ टक्के. म्हणूनच मोटारीच्या दीडपट ते दुप्पट अश्वशक्तीचे इंजिन घेण्याचा प्रघात आहे. ३ अश्वशक्तीसाठी ५ ते ६ अश्वशक्ती योग्य ठरते.

शक्तीपेक्षाही वेगाचा प्रश्न अधिक दुर्लक्षित राहतो. समजा, १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर १०० मिलिमीटर व्यासाची पुली असून कॉम्प्रेसरची पुली १८० मिलिमीटरची आहे. कॉम्प्रेसर ८०० फेऱ्यांनी फिरतो. तीच लहान पुली ३६०० फेऱ्यांच्या इंजिनावर चढविल्यास कॉम्प्रेसर २००० फेऱ्या घेईल, तापेल आणि लवकरच निकामी होईल. इंजिन २८०० फेऱ्यांवर चालवायचे ठरविले, तर सुमारे ५१ मिलिमीटरची पुली लागते. इतक्या लहान पुलीवर व्ही-पट्टा घसरतो व लवकर झिजतो. १:२ प्रमाणात वेग घटविणारी व्यवस्था अंगभूत असलेले इंजिन घेतल्यास शाफ्ट १४०० फेऱ्यांनी फिरतो आणि जुनी पुली जवळजवळ तशीच चालते. मात्र दातेरी चाकांच्या एका जोडीने वेग घटविला असेल, तर शाफ्टची फिरण्याची दिशा उलटते. मोटारीचे दोन फेज अदलाबदल करून दिशा बदलता येते. इंजिनाला ती सोय नाही. कॉम्प्रेसरचे पंख्यासारखे चाक उलट फिरले, तर सिलिंडरवर हवेचा झोत नीट पडत नाही. म्हणून खरेदीपूर्वीच दिशा पाहून घ्यावी.

सर्वांत गंभीर बाब दाबनियंत्रणाची. टाकी भरताच प्रेशर स्विच मोटारीचा प्रवाह तोडतो. इंजिनाला तो थांबवू शकत नाही. स्विच तसाच ठेवून केवळ इंजिन जोडले, तर दाब वाढतच जातो आणि टाकी फुटण्यापासून वाचविणारा एकमेव आधार म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह उरतो. तोही गंजून अडकलेला असू शकतो. म्हणून ठरावीक दाबाला कॉम्प्रेसरची हवा बाहेर सोडून देणारा पायलट अनलोडर, टाकीच्या तोंडाशी सुस्थितीतील चेक व्हॉल्व्ह आणि त्या वेळी इंजिनाचा वेग मंदावणारी थ्रॉटल-जोडणी ह्या तिन्ही गोष्टी इंजिनाच्या किमतीतच धराव्यात. अनलोडर नसल्यास कॉम्प्रेसरच्या डोक्यात अडकलेल्या दाबाविरुद्ध दोरी ओढून इंजिन सुरू करणेही कठीण होते.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो; त्यामुळे बंद खोलीत हा संच चालविता येत नाही. धुराड्याचे तोंड कॉम्प्रेसरच्या हवा-गाळणीपासून दूर वळवावे, अन्यथा तोच धूर टाकीत भरला जातो.