टॅब आला म्हणजे शिक्षण आलं?

शहापूर-मुरबाडकडच्या जिल्हा परिषद शाळेत टॅबवाटप झालं की भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘प्रत्येक मुलाच्या हातात टॅब आला, आता आपली शाळा शहराच्या बरोबरीला आली.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण हा समज चुकीचा आहे आणि तो चुकीचा असल्याचे पुरावे समोर येऊनही बरीच वर्षं झाली.

पेरू देशाने खेड्यापाड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेने तिथल्या ३१९ प्राथमिक शाळा तपासल्या. २०१२च्या अहवालानुसार, जिथे आठ मुलांमागे जेमतेम एक यंत्र होतं तिथे मुलागणिक एकाहून जास्त यंत्रं आली; गणितात आणि भाषेत मात्र फरक आढळला नाही. इतका खर्च करून! तरी आपण अजून यंत्रंच मोजतो आहोत.

‘मग पाष्टेपाडा?’ असं लगेच विचारलं जातं. शहापूर तालुक्यातली ती शाळा टॅबमुळे राज्यभर गाजली, हे खरंच. पण तिथे संदीप गुंड यांच्यासारखा शिक्षक होता, ज्याला त्या टॅबवर काय शिकवायचं हे ठाऊक होतं. बाकीच्यांनी पाहिलं ते टॅबकडे.

गुजरातेत ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत संशोधक ली लिंडेन यांनी केलेला अभ्यास (२००८) तर डोळे उघडणारा आहे. शिकवण्याचा तास काढून त्या जागी कॉम्प्युटर बसवला, तिथे मुलं गणितात मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला, तिथे पुढे गेली. यंत्र तेच, विषय तोच. म्हणून टॅब देऊ पाहणाऱ्या देणगीदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हा : हा टॅब कोणत्या तासाला, कोणत्या मुलासाठी? तिसरीतल्या ज्या मुलीला हातच्याची वजाबाकी जमत नाही, तिला पाचवीच्या धड्याचा व्हिडिओ दाखवून काय होणार? घरी कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीतलं ॲप तरी किती कळणार?

असेच आणखी तीन समज कानावर येतात. ‘एका यंत्रावर दोन मुलं म्हणजे गैरसोय’ : वडोदऱ्यात चौथीची मुलं जोडीजोडीने एकाच कॉम्प्युटरवर गणिताचे खेळ खेळत, आठवड्याला दोनच तास, तरी त्यांचं गणित स्पष्टपणे सुधारलं.

‘खर्च एकदाच’ : वीजबिल, बॅटरी, दुरुस्ती यांचा खर्च दरवर्षी येतो. बिल थकल्याने शाळेची वीज तोडल्याच्या बातम्या आपणच वाचतो.

‘ॲप असलं की मुलाचा अभ्यास बुडत नाही’ : दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघाले की मूल त्यांच्याबरोबर जातं आणि टॅब शाळेच्या कपाटात राहतो. त्या मुलाला आधी हवी आहे हंगामी वसतिगृहातली जागा किंवा भट्टीजवळच्या शाळेत त्याच आठवड्यात प्रवेश. देणगीचे पैसे तिकडेही वळवता येतात, फक्त शाळा व्यवस्थापन समितीने तसं मागायला हवं.