फोल्डर गेला तरी टेबल उरतं

तंजावरच्या राजवाड्याजवळ राहणाऱ्या एका मराठी घराची वेबसाइट साफ करायचं काम माझ्याकडे आलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. साइटवर घरातली मोडी पत्रं, लग्नाच्या याद्या, डांगर पचडीची कृती, आणि या सगळ्याखाली वेळोवेळी कुणी ना कुणी बसवून ठेवलेली प्लगइन्स. पान उघडायला इतका वेळ लागे की चेन्नई-बंगळूरची नातवंडं तिकडे फिरकेनाशी झाली होती.

वर्डप्रेसमध्ये प्लगइनचा कोड फोल्डरात असतो, संसार डेटाबेसात. म्हणून बॅकअप दोन्हींचा लागतो. डॅशबोर्डवरून आधी निष्क्रिय करून मग डिलीट केलं, तर प्लगइन बनवणाऱ्याने लिहिलेली आवराआवर चालते. अर्थात, त्याने ती लिहिली असेल तर. फोल्डर परस्पर उडवला तर ती चालतच नाही. इथे डॅशबोर्डची वाट बंद होती. सर्व्हरवर पीएचपी 8 आलं आणि फोटो गॅलरीचं जुनं प्लगइन साइटसकट कोसळलं. 2019 च्या 5.2 आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी ॲडमिनला रिकव्हरी मोडची लिंक ईमेलने पाठवतं. पण तो ईमेल पत्ताच कधीचा बंद झाला होता.

मग एफटीपीने आत शिरून ‘प्लगइन्स’ फोल्डर गाठला. गॅलरीचा फोल्डर डिलीट न करता त्याच्या नावापुढे ‘जुना’ जोडलं. फाइल सापडली नाही की वर्डप्रेस ते प्लगइन सोडून पुढे जातं. साइट उभी राहिली. कॅशिंगच्या प्लगइनने मात्र फोल्डराबाहेरही हातपाय पसरले होते: ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये एक सुटी फाइल, कॉन्फिग फाइलीत एक ओळ, एचटीअॅक्सेसमध्ये ‘बिगिन’ आणि ‘एंड’च्या मधला मजकूर. त्याच फाइलीत वर्डप्रेसचाही स्वतःचा असाच तुकडा असतो. घाईत तो उडाला तर मुखपृष्ठ तेवढं उघडतं, आतली पानं सापडत नाहीत.

खरं काम गॅलरीपाशी होतं. पत्रांच्या पानांवर फोटोंच्या जागी चौकोनी कंसातले शॉर्टकोड उघडे पडले होते. फोटो सर्व्हरवर शाबूत होते, त्यांच्याखालचा मजकूर मात्र त्या फाइलींत नव्हता. पीएचपी-माय-अॅडमिनमध्ये गॅलरीचं स्वतःचं टेबल उघडलं. वर्णनाच्या रकान्यात प्रत्येक पत्राचं बाळबोधीतलं वाचन होतं. घरातल्या थोरल्या काकूंनी ते सवडीने टाइप केलेलं. कुठे न लागलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह, कुठे नात्याचा खुलासा. त्याच टेबलाच्या ओळीत ‘ड्रॉप’चं बटण. ते दाबल्यावर परत फिरता येत नाही.

ज्या गावात बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरला गेला आणि सरस्वती महालात मोडी कागद जपून ठेवलेले आहेत, तिथेही घरातलं मोडी वाचू शकणारं माणूस आता विरळा. पत्राचा फोटो पुन्हा काढता येईल. काकूंचं वाचन पुन्हा कुठून आणणार? असा मजकूर एखाद्या प्लगइनच्या खाजगी टेबलात ठेवायला लावणं मला धोक्याचं वाटतं, मग ते प्लगइन कितीही नावाजलेलं असो.

टेबल सीएसव्हीत काढलं. ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरीचा बहुधा चोथा होतो. ‘इम्पोर्ट’ करून यूटीएफ-8 निवडावं लागतं. मग फोटो वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत चढवले, ज्याचं वाचन त्याच्या कॅप्शनमध्ये घातलं, आणि शॉर्टकोड काढून तिथे वर्डप्रेसचाच गॅलरी ब्लॉक बसवला. हे सगळं काकूंना शेजारी बसवून केलं, कारण कुठलं वाचन कुठल्या पत्राचं हे फाइलीच्या नावावरून कळत नव्हतं. त्यांना अक्षर पाहताच कळत होतं.

त्यानंतर टेबल ड्रॉप केलं. ऑप्शन्सच्या टेबलात मेलेल्या प्लगइन्सच्या नोंदी होत्या. त्यातल्या ऑटोलोडवाल्या दर पानाबरोबर उगाच वर येत होत्या. नावाचा उपसर्ग शोधून त्या काढल्या. चालू प्लगइन्सच्या यादीला मात्र हात लावला नाही. तिथे प्रत्येक नावाआधी त्याच्या लांबीचा आकडा असतो, तो चुकला तर सगळी यादीच वाचता येत नाही. प्लगइन्सचं पान उघडल्यावर वर्डप्रेसने बेपत्ता नावं आपणहून गाळली. काकूंना एका पत्राची तारीख चुकलेली दिसली. ती त्यांनी कॅप्शनमध्ये जाऊन स्वतःच दुरुस्त केली.